इस्थमियन लीगच्या डिव्हिजन कशा पडतात, आणि स्टुडंट व्हिसावर आलेल्या पोराला तिथे खेळता येतं का

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. भाचा कोल्हापुरात तालमीकडून फुटबॉल खेळतो, सप्टेंबरात एमएससीला लंडनला चाललाय, आणि त्याला कुणीतरी सांगितलंय की तिकडे इस्थमियन लीग म्हणून सेमी-प्रो लीग आहे, कॉलेज सांभाळून खेळता येतं, आठवड्याला थोडे पैसे पण मिळतात. तर त्या लीगच्या डिव्हिजन कशा असतात, त्याने कुठल्या डिव्हिजनला ट्राय मारावा आणि तिथून वर जाता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी पण मूळचा शिवाजी पेठेतलाच. याच लीगमधल्या एका क्लबात गेली १४ वर्षं प्लेअर रजिस्ट्रेशन आणि मॅचच्या दिवशीची कामं बघतोय, बिनपगारी, दिवसा नोकरी वेगळी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो, कारण ती उशिरा कळली तर फार महागात पडते. स्टुडंट व्हिसावर त्याला या लीगमध्ये खेळता येणार नाही. एक पौंड न घेता पण नाही. का ते पुढे सांगतो, पण तोपर्यंत त्याने कुठल्याही फॉर्मवर सही करू नये एवढं आजच त्याला फोन करून सांगा.

आता लीगबद्दल. इस्थमियन लीग १९०५ ची. लंडन आणि आसपासच्या अमॅच्युअर क्लबांनी मिळून काढली, नाव घेतलं जुन्या ग्रीसमधल्या कॉरिंथजवळच्या इस्थमियन खेळांवरून. लिहिताना थ आहे पण इथली माणसं तो गिळतात, इस्मियन म्हणतात. लीगचं ब्रीदवाक्य लॅटिन आहे, त्याचा अर्थ मान मिळाला की पुरे, आणि सुरुवातीला खरंच जिंकणाऱ्या क्लबला ट्रॉफी सुद्धा देत नव्हते. पुढे हा अमॅच्युअरपणा कागदावरच उरला, मॅच झाल्यावर खेळाडूच्या बुटात नोटा ठेवलेल्या असायच्या, त्याला बूट मनीच म्हणायचे, सगळ्यांना माहीत असायचं आणि सगळे गप्प असायचे. शेवटी १९७४ ला एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, अमॅच्युअर आणि प्रोफेशनल हा भेदच काढून टाकला, तेव्हापासून पैसे उघड द्यायला लागले.

डिव्हिजन चार आहेत. वर प्रीमियर, आणि तिच्या खाली नॉर्थ, साउथ सेंट्रल आणि साउथ ईस्ट. या खालच्या तिन्ही एकमेकींच्या खाली नाहीत बरं का, शेजारी शेजारी आहेत, तिन्हींचा दर्जा एकच, फक्त भाग वेगळा, आणि इथेच आपल्याकडचे लोक गोंधळतात. प्रत्येकीत साधारण २२ क्लब, म्हणजे लीगच्याच ४२ मॅच, शिवाय एफए कपच्या क्वालिफाइंग राउंड, एफए ट्रॉफी, लीग कप आणि काउंटीचा सीनियर कप वेगळा. टेबलात पहिला आला तो सरळ वर जातो, दुसरा ते पाचवा प्लेऑफ खेळतात, ते पण एकेकच मॅच आणि टेबलात वर असलेल्याच्या ग्राउंडवर. प्रीमियरमधून खालचे चार खाली येतात.

हे सगळं पूर्ण इंग्लंडच्या शिडीवर कुठे बसतं ते बघा. टीव्हीवर दिसते ती प्रीमियर लीग, मग चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, हे चार थर देशभराचे. पाचवा थर नॅशनल लीग, ती पण देशभर. सहाव्याला पहिल्यांदा देशाचे दोन भाग होतात, नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ. सातव्याला चार भाग, त्यातला एक म्हणजे आपली इस्थमियन प्रीमियर. आठव्याला आठ भाग, त्यातले तीन इस्थमियनचे. नवव्याला सोळा. म्हणजे जसजसं खाली जाल तसतसा नकाशा लहान होत जातो. इथे लोक थर म्हणत नाहीत, स्टेप म्हणतात, आणि मोजणी नॅशनल लीगपासून सुरू होते, म्हणून इस्थमियन प्रीमियर म्हणजे स्टेप ३ आणि खालच्या तिन्ही स्टेप ४. भाच्याला कुणी स्टेप ४ चा क्लब आहे म्हणून सांगितलं तर तो देशातला आठवा थर समजायचा.

नकाशा लहान का होत जातो? कारण खेळाडूला बुधवारी सकाळी कामावर जायचंय. मला विचाराल तर या लीगबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. शनिवारी दुपारी ३ ची मॅच ठीक आहे, पण मधल्या वारची मॅच मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी पावणेआठला सुरू होते, साडेनऊला संपते, आंघोळ करून गाडीत बसेपर्यंत सव्वादहा. तिथून घर किती लांब आहे यावर त्या माणसाची नोकरी टिकते की नाही ते ठरतं.

मागे फेब्रुवारीतली एक मंगळवारची मॅच सांगतो, आमच्याच ग्राउंडवरची. आमचा सेंटर हाफ, म्हणजे मधला डिफेंडर, प्लास्टरचं काम करतो. पावणेसातला त्याचा फोन आला की एम २५ वर, म्हणजे लंडनभोवतीच्या हायवेवर, अडकलोय, पुढे अपघात झालाय, गाड्या हलत नाहीत. रेफ्रीला टीम शीट द्यायची वेळ झालेली, मॅनेजरने त्याचं नाव खोडून सबमध्ये टाकलं आणि १८ वर्षांच्या पोराला सुरुवातीला उतरवलं. हा गडी सात वीसला आला, कामाच्या पँटवर, भुवयांवर प्लास्टरची पांढरी धूळ तशीच, येताना पेट्रोल पंपावरचं सँडविच गाडीत खाल्लेलं. एक शब्द न बोलता बूट बांधले. ६० व्या मिनिटाला आत गेला आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन कॉर्नर डोक्याने बाहेर काढले, आम्ही १-० ने जिंकलो. साडेदहाला तो क्लबहाउसच्या दारात कागदी द्रोणातून चिप्स खात उभा होता आणि मला म्हणाला, साडेपाचला उठायचंय, कामाची साइट केंब्रिजला आहे. लीगचा नकाशा या माणसासाठी काढलेला असतो.

आणि म्हणूनच दरवर्षी सीझन संपला की मे महिन्यात सगळे क्लब श्वास रोखून बसतात. कोण वर गेलं, कोण खाली आलं हे धरून एफए प्रत्येक क्लबला पुन्हा नव्याने कुठल्यातरी डिव्हिजनमध्ये बसवते, आणि तुम्ही मध्यावर असाल तर तुमची लीगच बदलू शकते. २०१८ ला स्टेप ३ ला एक डिव्हिजन वाढवली तेव्हा हेंडन, हॅरो बरो हे लंडनचे जुने क्लब इस्थमियनमधून काढून सदर्न लीग म्हणजे शेजारच्या भागातली याच दर्जाची लीग, तिच्या साउथ डिव्हिजनला टाकले, आणि सफोकमधले लोस्टॉफ्ट, लीस्टन, नीडम मार्केट हे सदर्नच्या सेंट्रल डिव्हिजनला. लोस्टॉफ्ट म्हणजे ब्रिटनचं सगळ्यात पूर्वेकडचं गाव, समुद्राच्या काठावर, आणि त्यांच्या डिव्हिजनमध्ये बर्मिंगहॅमच्या पलीकडचं स्टोअरब्रिज. एका बाजूचं अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरहून संध्याकाळची मॅच खेळायला पुण्याच्याही पुढे जायचं आणि सकाळी परत येऊन कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं, तसं. माझ्या मते तो निर्णय त्या क्लबांवर अन्यायच होता, पण दुसरीकडे बघितलं तर रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि जो रेघेवर असतो तो रडतोच. आमच्या क्लबात तर डिव्हिजन जाहीर झाली की लोक टेबलात कोण तगडं आहे ते नंतर बघतात, मंगळवारी कुठे कुठे जावं लागेल ते आधी बघतात.

पैशाचं म्हणाल तर स्टेप ४ ला कितीतरी पोरं फक्त पेट्रोलच्या पैशांवर खेळतात. स्टेप ३ ला बरं मिळतं, एखाद्या गोल मारणाऱ्या स्ट्रायकरला आठवड्याला शेकड्यांत पौंड देणारे क्लब पण आहेत, पण त्यावर घरभाडं भागत नाही, लंडनात तर नाहीच. बहुतेक खेळाडू नॉन-कॉन्ट्रॅक्ट असतात, म्हणजे दुसऱ्या क्लबने आधी कळवून सात दिवस थांबलं की त्याच्याशी बोलणी करता येतात. त्यामुळे ऑक्टोबरातली टीम आणि मार्चमधली टीम ओळखू येत नाही कधी कधी. पुढे इंग्लंडकडून खेळलेला जेमी वार्डी नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या अशाच लीगमध्ये, स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सला खेळायचा तेव्हा आठवड्याला ३० पौंड मिळायचे आणि दिवसा तो फॅक्टरीत कामाला जायचा.

वार्डीचं नाव निघालं की सगळ्या पोरांचे डोळे चमकतात, तुमच्या भाच्याचे पण चमकले असणार. उदाहरणं खरी आहेत, ती नाकारत नाही. ख्रिस स्मॉलिंग २००८ पर्यंत इस्थमियन प्रीमियरमध्ये मेडस्टोन युनायटेडला होता, तिथून फुलहॅम आणि २०१० ला थेट मँचेस्टर युनायटेड. पुढे वेस्ट हॅमकडून प्रीमियर लीग खेळलेला मिकेल अँटोनियो टूटिंग अँड मिचमचा, ते पण याच लीगमधले. अख्खा क्लब वर गेल्याचं उदाहरण म्हणजे एएफसी विम्बल्डन, २००२ ला चाहत्यांनी काढला, मैदानावर ओपन ट्रायल घेऊन टीम जमवली, काउंटी पातळीपासून सुरुवात केली, २००४ ते २००८ इस्थमियनमध्ये काढली आणि २०११ ला लीग टू मध्ये पोचले. हे सगळं मी बघत आलोय आणि अजून सांगताना अंगावर काटा येतो. पण ही पोरं इथेच वाढलेली, वार्डी तर शेफिल्ड वेन्स्डेच्या युथ सेटअपमधून १६ व्या वर्षी बाहेर पडलेला, म्हणजे बेसिक ट्रेनिंग प्रोफेशनल क्लबचंच. मी १४ वर्षांत शेकडो नावं रजिस्टर केली असतील, त्यातले दोघं वरच्या चार थरांत गेले. दोनच. बाकीचे सगळे अजून प्लास्टर करतात, शाळेत शिकवतात, विमानतळावर बॅगा उचलतात, आणि मंगळवारी गुरुवारी प्रॅक्टिसला येतात कारण त्यांना खेळायचंय.

अजून एक, वर जाणं फक्त गोलांवर नसतं, ग्राउंडवर पण असतं. प्रत्येक स्टेपला ग्राउंड ग्रेडिंग आहे, फ्लडलाइट किती प्रखर, शेडखालच्या सीट किती, टर्नस्टाइल किती, रेफ्रीची खोली वेगळी आहे का, सगळं एफएची माणसं येऊन मोजतात. त्यात बसलं नाही तर टेबलात पहिले येऊनही वर जाता येत नाही. म्हणून इथे ग्राउंड गेलं की क्लबचा कणाच मोडतो. मेडस्टोनचंच बघा, १९८८ ला गावातलं ग्राउंड विकलं, १९८९ ला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार थरांत, पोचले, घरच्या मॅच दुसऱ्या गावात डार्टफर्डला खेळायचे, आणि १९९२ ला दिवाळं निघालं. पुन्हा केंट काउंटी लीगच्या चौथ्या डिव्हिजनपासून उभे राहिले, गावात स्वतःचं ग्राउंड यायला २०१२ उजाडलं. ते ग्राउंड कृत्रिम गवताचं, ३जी म्हणतात त्याला, आठवडाभर गावातली पोरं भाड्याने खेळतात आणि त्यावर क्लब चालतो. त्याच क्लबने जानेवारी २०२४ ला सहाव्या थरात असताना एफए कपात दुसऱ्या थरातल्या इप्सविचला त्यांच्या घरी २-१ हरवलं. त्या दिवशी मी आमच्या क्लबहाउसमध्ये होतो, त्यांच्याशी आमचं काहीएक नातं नाही तरी म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

डलिच हॅम्लेटचं पण तसंच, दक्षिण लंडनचा गुलाबी-निळ्या जर्सीचा क्लब, मार्च २०१८ मध्ये जमिनीच्या भांडणात त्यांना स्वतःच्या चॅम्पियन हिल ग्राउंडमधून बाहेर काढलं. उरलेला सीझन दुसऱ्याच्या ग्राउंडवर खेळले आणि त्याच सीझनला इस्थमियन प्रीमियरच्या प्लेऑफ फायनलला हेंडनला पेनल्टीवर हरवून वर गेले. डिसेंबरात घरी परतले. २०२३ ला पुन्हा खाली इस्थमियनला आले पण त्यांच्या मॅचला आजही हजारांत माणसं येतात, बाकी आमच्यासारख्यांकडे काही शे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की जी गर्दी उसळते तिच्यापुढे आमची गर्दी काहीच नाही, पण माणूस क्लबला धरून असतो तो तसाच, आजोबा, बाप, पोरगं, तिन्ही एकाच रेलिंगला टेकून. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इथे टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे, ती याच रेलिंगवरच्या माणसांसाठी, आणि ती उठली तर आमच्यासारखे क्लब दोन सीझन पण टिकायचे नाहीत असं मला मनापासून वाटतं.

आता व्हिसा. स्टुडंट व्हिसाच्या अटीत स्पष्ट आहे की प्रोफेशनल खेळाडू किंवा कोच म्हणून काम करता येत नाही. आणि होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या, व्याख्येत प्रोफेशनलमध्ये सेमी-प्रो पण येतो, पैसे मिळोत न मिळोत. म्हणून मी फुकट खेळतो ही पळवाट चालत नाही. एमएससीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर पण हीच बंदी आहे. पुढे कधी कायम राहायची परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आपल्याच देशातला एक विद्यार्थी आमच्या प्री-सीझन ट्रायलला आला होता, डाव्या पायाचा, त्या दिवशी मैदानावर त्याच्याइतका चांगला कुणी नव्हता. मॅनेजर खूश, मला म्हणाला लगेच सही घे. रजिस्ट्रेशनसाठी मी व्हिसाची माहिती मागितली आणि बघितल्यावर मलाच त्याला सांगावं लागलं. तो ड्रेसिंग रूममध्ये बराच वेळ एक मोजा काढून तसाच बसून राहिला. मग कळलं की दुसऱ्या एका क्लबात त्याला कुणी काही न विचारता फॉर्म भरायला दिला होता, नशीब त्याने भरला नव्हता. सगळे सेक्रेटरी विचारतातच असं नाही, आणि गडबड झाली तर व्हिसा क्लबचा जात नाही, पोराचा जातो.

दुसरी कागदाची गोष्ट. भाचा भारतात एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या सिस्टिममध्ये रजिस्टर असेल तर इंग्लंडात क्लबला त्याचा इंटरनॅशनल क्लियरन्स लागू शकतो. कुठल्याही क्लबात गेला की सेक्रेटरीला पहिल्याच दिवशी सांगायचं की मी भारतात रजिस्टर्ड होतो, लपवायचं नाही. नियमात न बसणारा खेळाडू उतरवला की पॉइंट जातात. एका सीझनला माझ्याच हातून हे झालं, नव्या खेळाडूची जुन्या क्लबातली एका मॅचची बंदी बाकी होती, मी तपासलं नाही, जिंकलेल्या मॅचचे तीन पॉइंट कापले आणि आम्ही दोन पॉइंटांनी प्लेऑफ हुकलो. त्या २०-२२ पोरांचं अख्ख्या वर्षाचं काम माझ्या एका न केलेल्या चौकशीने गेलं. तेव्हापासून सही घेण्याआधी मी प्रत्येकाला चार प्रश्न जास्त विचारतो.

मग त्याने काय करावं? युनिव्हर्सिटीच्या टीमला ट्रायल द्यावी, ट्रायल सत्र सुरू होताच पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतात, उशिरा गेला तर वर्ष गेलं. बुधवारी दुपारी युनिव्हर्सिटींच्या आपसातल्या मॅच असतात, त्यांना बक्स म्हणतात, वरच्या टीमचा दर्जा चांगला असतो आणि त्यात इस्थमियनला खेळणारी इथली पोरं पण सापडतात. रविवारी संडे लीग आहे, निव्वळ हौशी, हॅकनी मार्शेसवर तर रविवारी सकाळी एकाला लागून एक अशा डझनावारी मॅच चालू असतात. तरी सही करण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्यावं, ते फुकट आहे आणि रोज असले प्रश्न बघणारी माणसं तिथे असतात.

आणि इस्थमियनच्या मॅचला त्याने प्रेक्षक म्हणून जावंच. शनिवारी नको, मंगळवारी जाऊ दे, स्टेप ४ च्या क्लबला, विद्यार्थ्यांना तिकीट बहुतेक ठिकाणी कमी असतं. गोलच्या मागे उभं राहिलं की डिफेंडर एकमेकांना काय ओरडतात ते सगळं ऐकू येतं. चेंडू हवेत असताना सेंटर हाफ कधी मागे सरकतो, थ्रोइनला कोण कुणाला धरून उभं असतं, दुसरा चेंडू म्हणजे काय, हे त्याला तिथे अर्ध्या तासात कळेल. आपल्या पोरांच्या पायात कला असते पण अंगावर येणाऱ्या खेळात ती पहिले दोन महिने हरवते, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

सामानात बूट एकच जोड टाका, मोल्डेड स्टडचे, ३जी वर तेच चालतात, तिथे लोखंडी स्टड घालून उतरू देत नाहीत. नोव्हेंबरनंतर गवताचं मैदान चिखल होतं तेव्हा स्क्रूचे स्टड लागतील, ते इथेच घेतलेले बरे. कुठल्या युनिव्हर्सिटीला चाललाय तेवढं कळवा, तिथून कुठला क्लब जवळ पडतो ते सांगतो.